आखणीचा श्वास

मालू मोकलला आपले श्वास मोजायची सवय लागली होती. हे कोणाच्या लक्षात आलं असतं, तर तिनं त्या माणसाशी महिनाभर तरी अबोला धरला असता. पण लक्षात यायला आधी बघावं लागतं, आणि जून ते ऑगस्ट करंजवाडीत कोणी कोणाकडे बघत नाही. सगळे गणपतीकडे बघत असतात.

पेणहून जोह्यावरून जाणाऱ्या एसटीत बसायचं, जोहे सोडून आणखी दोन थांबे पुढं जायचं, की आली करंजवाडी. दोनशे घरं आणि अडतीस कारखाने. कारखाने म्हटल्यावर धुराडी शोधू नयेत, हे गणपतीचे कारखाने. पत्र्याच्या शेड, आत लाकडी मांडण्या, मांडण्यांवर पांढऱ्याफेक मूर्तींच्या रांगा आणि सगळ्या गावावर पीठ सांडावं तशी पीओपीची भुकटी. आंब्याच्या पानांवर भुकटी, दोरीवरच्या कपड्यांवर भुकटी, म्हशीच्या पाठीवर भुकटी. फुटक्या मूर्तींचे ढीग भातशेतीच्या बांधाला टेकलेले, आणि विहिरीचं पाणी तांब्यात ठेवलं तर सकाळी तळाशी पांढरा थर. बाहेरचा माणूस गावात शिरला की शिंकतो. गावातली माणसं त्याला हसतात आणि हसता हसता खोकतात.

मालू या गावात आखणी करायची. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. साच्यातून निघालेली मूर्ती वाळते, घासून गुळगुळीत होते, तिच्यावर रंग चढतो, सोंडेला शेंदरी छटा येते, तरी तोवर ती मालच असते. लोक तिला उचलताना "तो नग इकडं घे" म्हणतात. डोळे आले की आवाज आपोआप खाली येतात आणि नगाचे बाप्पा होतात. हे काम गावात पाच-सहाजणांनाच जमायचं, आणि मालूसारखं कोणालाच नाही. दादरचा व्यापारी मूर्ती घ्यायला आला की आधी विचारायचा, "डोळे कुणाचे?" मालूचे म्हटलं की पुढं बोलायचा.

या कामाची मेख हातात नाही, छातीत आहे. कुंचल्याच्या टोकाला मोजून सात-आठ केस. श्वास चालू असेल तर हात तेवढासा हलतोच. म्हणून छातीभर श्वास घ्यायचा, कोंडायचा आणि रेघ ओढायची. उमेदीच्या काळात मालू एका श्वासात दोन्ही डोळे काढून वर भुवयाही काढायची. मग भुवयांना वेगळा श्वास लागायला लागला. मग एका डोळ्याला एक. यंदा वरच्या पापणीला एक, खालच्या पापणीला एक, बाहुलीला एक, आणि मधे नुसतं बसून राहायला पाच-सहा. या बसण्यासाठी तिनं एक युक्ती काढली होती. मागे रेलायचं, मान तिरकी करायची, डोळे बारीक करून मूर्तीकडे बघत राहायचं. बघणाऱ्याला वाटायचं, केवढी मोठी कलावंतीण, कशी न्याहाळतेय! मालू तेव्हा श्वास गोळा करत असायची.

कारखाना आदेशचा. आदेश म्हणजे मालूच्या दिराचा मुलगा, तिशीचा, सतत घाईत. साचे, ऑर्डरी आणि टेम्पो सांभाळून स्प्रेची गन तो स्वतःच चालवायचा, कारण दुसऱ्याच्या हातचा रंग त्याला पटायचा नाही. मालूचा नवरा डोलवीला कंपनीत ठेकेदाराकडे शिफ्टला, तो घरी असला तरी झोपलेला. म्हणजे मालूचं खरं जगणं आदेशच्या शेडमध्येच, आणि शेडमध्ये तिच्या डाव्या हाताला बावीस वर्षं बसलेली धोंडुबाई.

धोंडुबाई घासकाम करायची. साच्यातून आलेली खडबडीत मूर्ती पॉलिश पेपरनं घासायची, अंगठ्यानं चाचपायची, पुन्हा घासायची. दिवसाकाठी तिच्या पापण्या पांढऱ्या, मिशा पांढऱ्या. हो, मिशा, तिला त्या होत्या आणि त्यावरून कोणी चेष्टा केली तर ती म्हणायची, "गणपतीला सोंड हाय, मना मिशा. तुमच्याकडं काय हाय?" एकदा टीव्हीवर ऐकून तिनं नाकाला ओला पदर बांधला होता. ओल्या फडक्यावर पीओपी बसलं की काय होतं हे तिला बावीस वर्षांत कळायला हवं होतं, पण नाही. तासाभरात पदराचा पत्रा झाला, नाकावर घट्ट बसला. सोडवताना कात्री आणावी लागली. शेडमध्ये हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग त्या हसण्यातून खोकल्याची जी उबळ उठली ती बराच वेळ कोणालाच आवरेना.

मास्क नव्हते असं नाही. आदेशनं एका वर्षी खोकाभर आणले होते. घासणाऱ्या बायकांनी ते दोन दिवस लावले, मग गुदमरायला होतं म्हणून काढले, आणि उरलेल्या मास्कमधून रंग मस्त गाळला जातो हे लक्षात आल्यावर सगळे तिकडेच खर्ची पडले. मालूनं तर एकही लावला नाही. तिला आखणी शिकवली सासूनं, आणि सासूचा नेम होता की डोळे काढताना तोंड झाकायचं नाही. देव पहिल्यांदा बघणार तो तुझ्याकडं, मग चोरासारखं तोंड कशाला बांधायचं? मालूला ते पटलं होतं. अजूनही पटत होतं, हीच पंचाईत.

पावसाळ्यात तर शेडला चहूबाजूंनी ताडपत्र्या लागतात. मूर्तीला दमट हवा चालत नाही. वाळवायला मोठे दिवे लावलेले, वारा बंद, आत घासकामाची भुकटी, स्प्रेचं धुकं, थिनरचा वास. गणपती सुखरूप, माणसं ताडपत्रीच्या आत.

गावाच्या टोकाला आरोग्याचं उपकेंद्र होतं. दोन खोल्या, एक बाकडं आणि फरझाना सिस्टर. फरझाना रोह्याची. सकाळची गाडी पकडून पेण, पेणहून एसटी, आणि साडेनवाला उपकेंद्राचं कुलूप उघडलेलं. चार वर्षांत तिनं गावातल्या प्रत्येक बाळाचं वजन पाठ केलं होतं आणि प्रत्येक म्हातारीची शिवी खाल्ली होती. तिच्याकडे वाफ द्यायचं मशीन होतं, दम लागलेल्याला औषधाची वाफ देणारं. त्याच्या हवा ओढायच्या भोकाला स्पंजाचा एक तुकडा असतो. तो वर्षातून एकदा बदला, असं पुस्तकात लिहिलेलं. करंजवाडीत तो तीन आठवड्यांत पांढरा होऊन बसायचा. माणसाच्या छातीत काय होत असेल ते फरझानाला तो स्पंज धुताना दिसायचं, आणि तिचं डोकं फिरायचं.

मालूची छाती तिनं मेमध्येच तपासली होती आणि दम्याचा पंप दिला होता. "कामाला बसायच्या आधी दोन वेळा ओढायचा, मालूताई. विसरू नका."

मालू विसरली नाही. दुसऱ्याच दिवशी ओढला. छाती अशी मोकळी झाली की तिला रडू आलं. आपण किती दिवस अर्ध्या श्वासावर काढले ते तिला तेव्हा कळलं. मोठ्या खुशीत ती पाटावर बसली, कुंचला उचलला, आणि बघते तर हात थरथरतोय. फार नाही, कुंचल्याचं टोक शहारल्यासारखं हलत होतं, एवढंच. तेवढ्यानं पहिला गणपती चकणा झाला. तिनं तो फडक्यानं पुसला, पुन्हा काढला, पुन्हा चकणा. दीड तास ती मूर्ती पुसत बसली. शेवटी हात जागेवर आला तेव्हा श्वास पुन्हा आखडला होता.

फरझानाला तिनं विचारलं, तर ती म्हणाली, "होतं ताई, त्या औषधानं हात थोडा कापतो. दुसऱ्या जातीचा पंप आहे, रोजचा, त्यानं इतकं होत नाही, पण तो आमच्याकडं येत नाही. लिहून पाठवलंय." म्हणजे हात हवा तर श्वास नाही, आणि श्वास हवा तर हात नाही. मालूनं विचार करायला फार वेळ घेतला नाही. तिनं पंप कमरेच्या पिशवीत सरकवला आणि ठरवलं, सीझन संपेपर्यंत याला हात लावायचा नाही. फरझानानं विचारलं की "घेते, घेते" म्हणायचं. ही चूक जगात दुसऱ्या कोणी केली नसती. पण ज्या बाईची सगळी पत सात केसांच्या टोकावर उभी आहे तिनं दुसरं काय करायचं, हेही कोणी सांगत नव्हतं.

जुलैच्या सुरुवातीला रोह्यात छातीच्या तपासणीचं शिबिर होतं. फरझाना मालूला जवळजवळ ओढतच घेऊन गेली. एका शाळेच्या वर्गात टेबलावर यंत्र, त्याला नळी, नळीत फुंकायचं. "जोरात, ताई, अजून, अजून, सोडू नका, सोडू नका!" तंत्रज्ञ पोरगी ओरडत होती. मालूनं फुंकलं आणि पडद्यावर एक रेघ उठली. मालूला आयुष्यात एवढंच कळायचं, रेघ चांगली की वाईट. ही वाईट होती. वर चढली न चढली तोच लोळण घेत खाली आली, नवशिक्यानं काढलेल्या पापणीसारखी.

"वय सत्तेचाळीस?" त्या पोरीनं पुन्हा विचारलं. "ही छाती पंचाहत्तरीची आहे." मग फॉर्मकडे बघत, "काम काय करता?"

"घरकाम," मालू म्हणाली.

फरझाना शेजारीच उभी होती. तिनं ओठ आवळले. बाहेर आल्यावर स्टेशनपर्यंत मागे न बघता पुढं चालली. फलाटावर मात्र तिचा तोल सुटला.

"मालूताई, माझं माहेर इथं पलीकडच्या आळीत. संध्याकाळी केमिकल कंपन्यांचा वास आला की आमची अम्मी खिडक्या लावून घेते आणि म्हणते, आज हवा जड आहे. तीस वर्षं हवाच जड आहे तिची. कुणाचं नाव घ्यायचं नाही, काही नाही, हवा जड. तुम्ही पण तसंच करणार?"

"सिस्टर, तुमाला नाय कळायचं."

"मग कळवा ना."

मालूनं कळवलं नाही, कारण कळवण्यासारखं होतं ते सांगायला लाज वाटत होती. दर वर्षी पीओपीवर बंदी येणार अशी आवई उठते. कधी येते, कधी अर्धी येते, कधी उठते. त्यात कोणी सरकारी कागदावर "गणपतीच्या कारखान्यात काम करून दमा" असं लिहिलं, तर तो कागद कुठून कुठं जाईल आणि कोणाच्या शेडला टाळं ठोकेल याचा नेम नाही, अशी गावाला धास्ती. आणि गावातल्या बायकांना यावर तोडगा काढून दिला होता तो मालूनंच. दवाखान्यात गेलं की सर्दी सांगायची. काम विचारलं की घरकाम. तिनं एकेकीला बसवून शिकवलं होतं, जसं मुलीला सासरी पाठवताना शिकवतात. धोंडुबाईला तर तीनदा, कारण धोंडुबाईच्या तोंडाला कुलूप नव्हतं.

त्याचं काय झालं होतं ते फरझानानं तिला गाडीत सांगितलं. आवाज आता खाली आला होता, त्यामुळं ते जास्तच लागलं.

"माझ्या रजिस्टरमध्ये गेल्या वर्षी दमा तीन. सर्दी-खोकला चारशे बारा. वरून औषध येतं ते रजिस्टर बघून. मला खोकल्याच्या बाटल्यांची खोकी येतात, मालूताई, ठेवायला जागा नाही. वाफेचं औषध येतं तीन माणसांपुरतं. ते मी चाळीस माणसांना पुरवते. गेला आठवडाभर मी ते अर्धं-अर्धं करून देतेय. हे किती दिवस चालेल? रोज ओपीडीला साठ माणसं, त्यातली चाळीस त्याच त्या खोकल्याची. गरोदर बायांना बघायला मला वेळ नाही. उद्या दवाखाना आहे आणि दवा नाही असं झालं, की तुम्ही मलाच शिव्या देणार."

मालू खिडकीबाहेर बघत राहिली. नागोठणं गेलं, कासू गेलं.  बोलावं असं दोनदा ओठांवर आलं, आणि दोनदा तिनं मनाशी म्हटलं, सीझन जाऊ दे.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. एकशे चाळीस मूर्ती डोळ्यांशिवाय उभ्या आणि आदेश दर तासाला येऊन "काकी, किती झाले?" विचारणार. मालूला चैन पडेनासं झालं. घरी बसली तरी पाय हलायचा, ताटावर बसली तरी घास मोजायची. शेडमध्ये धोंडुबाई घासत होती आणि तिच्या छातीतून मांजराच्या पिल्लासारखा आवाज येत होता. मालूला तो ऐकू येत होता. चार दिवस ऐकू येत होता.

"धोंडुबाय, जा गो, सिस्टरकडून वाफ घेऊन ये."

"गेलते काल. सर्दी सांगितली. बाटली दिली."

दुपारी दोनच्या सुमाराला धोंडुबाईच्या हातातला पॉलिश पेपर खाली पडला. ती वाकली ती उठलीच नाही. दोन्ही हात जमिनीला टेकवून, मान पुढं काढून ती श्वास घेत होती, म्हणजे घ्यायला बघत होती; गळ्याखाली खड्डा पडत होता आणि आत काही जात नव्हतं. ओठ निळसर दिसायला लागले. आदेशनं गन टाकली आणि तिला तशीच उचलली. मालू मागनं धावली. धावली म्हणजे दहा पावलं. मग ताडपत्रीचा बांबू धरून उभी राहिली, मग पुन्हा दहा.

उपकेंद्रात फरझानानं मशीन चालू केलं, कपाट उघडलं, खण उघडला, आणि रिकामा खण तसाच उघडा टाकून ती वळली.

"परवाच संपलं. मागवलंय. आलेलं नाही." तिनं हे मालूला सांगितलं नाही, आदेशलाही नाही, कोणालाच उद्देशून न बोलता सांगितलं. तिच्या मागे भिंतीला लागून खोकल्याच्या बाटल्यांची खोकी छातीएवढी रचलेली होती. मग एकदम ती म्हणाली, "तुमचा पंप! मालूताई, तुमचा पंप कुठाय?"

मालूनं कमरेची पिशवी उघडली. पंपाच्या पाठीवर उरलेल्या औषधाचा आकडा दिसतो. फरझानानं तो वाचला. दोनशेतले एकशे अठ्ठ्याण्णव शिल्लक. तीन महिने. तिनं एकदाच मालूकडे बघितलं. मालूला वाटलं, थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. पण फरझानाला तेवढाही वेळ नव्हता. तिनं पंप प्लॅस्टिकच्या नळकांड्याला लावला, नळकांडं धोंडुबाईच्या तोंडावर धरलं आणि आदेशला म्हणाली, "टेम्पो काढा. अँब्युलन्स दुसऱ्या गावाला गेलीय, वाट बघत बसायचं नाही."

टेम्पोत मागे गवताच्या पेंढ्या होत्या, मूर्तीला धक्का लागू नये म्हणून अंथरलेल्या. त्यावर धोंडुबाईला टेकवून बसवलं. फरझाना पंप दाबत होती आणि मोजत होती. मालूनं धोंडुबाईची पाठ धरली होती. महामार्गाला लागेपर्यंतच्या खड्ड्यांत मालूनं देवाला जे काही म्हटलं ते सांगण्यासारखं नाही. एवढंच की ती त्याच्याशी भांडली. तुझे डोळे काढता काढता आमचं हे झालं, असं काहीतरी ती बोलली, आणि मग लगेच घाबरून गालावर मारून घेतलं. रामवाडीचं वळण आलं तेव्हा धोंडुबाईच्या ओठांचा निळेपणा जरा ओसरला होता.

पेणच्या दवाखान्यात तिला तडक आत घेतलं. ऑक्सिजनचा मास्क, वाफ, सुई. अर्ध्या तासानं ती डोळे उघडून बघायला लागली. ड्युटीवरची डॉक्टर तरुण होती, कपाळावर केसांची बट चिकटलेली. तिनं नाडी धरूनच कागद पुढं ओढला. फरझाना फोनवर औषधासाठी कोणाशी तरी वाद घालत बाहेर गेली होती. आदेश दारात उभा, हातात टेम्पोची किल्ली.

"आजी, बोलू नका, मान हलवली तरी चालेल. हे कधीपासून होतंय? काम काय करता?"

धोंडुबाईला बोलू नका म्हणून सांगितलं होतं. पण तिनं हात उचलला, मास्क बाजूला केला, आणि दोन श्वास खर्च करून म्हणाली, "सर्दी... हाय. घरकाम."

आणि मग तिनं मालूकडे पाहिलं. शाळेत पाठ केलेलं म्हणून दाखवल्यावर मूल आईकडे बघतं तसं. या वेळी तिचं काही चुकलं नव्हतं.

 या बाईला श्वास पुरत नव्हता, आणि होता तो तिनं मालूनं शिकवलेल्या खोट्यावर घालवला होता. मालूला तिचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि तो इतका मोठा होता की त्यात बाकीचं सगळं बुडालं. बंदी, सीझन, एकशे चाळीस मूर्ती, सगळं.

"नाय," ती म्हणाली. "डाक्टरबाय, ते खोडा. घासकाम. गणपतीच्या कारखान्यात, पीओपीचं. बावीस वर्षं. सर्दी नाय तिला."

"मालू," धोंडुबाई मास्कच्या आतून म्हणाली, "गप गो."

"काकी," दारातून आदेश म्हणाला. खालच्या आवाजात, पण त्यात सगळं होतं.

"नाय बसायची गप. हिला सर्दी म्हणायला मीच शिकवलंय. सगळ्यांना मीच शिकवलंय." मालूला धाप लागली. तिनं पलंगाची कड धरली. डॉक्टर आता धोंडुबाईकडे नाही, तिच्याकडे बघत होती. तिच्या गळ्याकडे, खांद्यांकडे.

"तुम्ही काय काम करता?"

"आखणी. डोळे काढते. सत्तावीस वर्षं. मी मालू मोकल. लिवा."

"गावात असे अजून आहेत?"

मालूनं कारखान्यांच्या ओळीनं सुरुवात केली, जशा शेड रस्त्याला आहेत तशा. नाव, काम, वर्षं. साच्याचं काम, घासकाम, पुन्हा घासकाम, रंगकाम. मधे थांबायची, श्वास घ्यायची, पुढं जायची. शेडमध्ये बसून तिनं काय काय ऐकलं होतं ते तिचं तिलाच नवल वाटत होतं. कोण सकाळी किती वेळ खोकतं, कोण उशा रचून बसून झोपतं, कोण पाण्याला जाताना दोनदा घागर खाली ठेवतं. डॉक्टरनं कागद उलटला. मागची बाजू भरली तेव्हा तिनं नर्सकडून दुसरा मागवला.

"सीझन होऊ दे ना काकी," आदेशचा आवाज चिरकला. "वीस दिवस राह्यलेत. वीस दिवसांनी सांग कोणाला काय सांगायचं ते. सगळ्या गावाचं पोट हाय त्याच्यावर."

"धोंडुबायला सांग, वीस दिवस थांब म्हणून."

 आदेशच्या शर्टाच्या बाहीवर, मानेवर, कानाच्या पाळीवर सोनेरी रंगाचे बारीक कण होते. मालू त्याच्याकडे बघत राहिली. तो दोन वर्षांचा असताना तिनं त्याला कडेवर घेऊन पहिला गणपती दाखवला होता. तिचा आवाज मऊ झाला, पण ती थांबली नाही.

"अजून एक लिवा, डाक्टरबाय. आदेश मोकल. स्प्रेकाम, चौदा वर्षं. सकाळी तोंड धुताना रंगाचं थुकतो. मोरीवर पाणी ओततो आणि मग बाहेर येतो. त्याला वाटतं कोणाला म्हाईत नाय."

 धोंडुबाईनं मान वळवून आदेशकडे पाहिलं. डॉक्टरनं पायानं स्टूल पुढं ढकललं.

"बसा," ती म्हणाली. "शर्ट वर करा."

आदेशनं टेम्पोची किल्ली खिशात टाकली आणि तो बसला.